बर्कडेलची ओपन आणि बुकमेकरच्या स्वागत ऑफर: माझ्या वहीतला हिशेब

मी साउथपोर्टला राहते. हिलसाइड स्टेशनातून बाहेर पडलं की थोडं चालल्यावर रॉयल बर्कडेल या गोल्फच्या मैदानाचे वाळूचे उंचवटे सुरू होतात. यंदा 16 ते 19 जुलै 2026 ला ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा तिथे आहे, 1954 पासून या मैदानावरची अकरावी. त्यामुळे मे उजाडल्यापासून वॉर्डातल्या मैत्रिणी काय, मंडळातले लोक काय, बुकमेकर, म्हणजे पैजा (बेट) घेणाऱ्या कंपन्या, नव्या ग्राहकाला देतात त्या ऑफरबद्दल सगळ्यांचा एकच प्रश्न: "ताई, ते ‘10 पौंड लावा, 30 पौंडांच्या फ्री बेट मिळवा’ खरं असतं का हो?"

खरं असतं. पण ते तीस पौंड म्हणजे खिशातले तीस पौंड नव्हेत. आणि गोल्फच्या बाबतीत ते चुकीच्या दिवशी हातात पडले तर त्यांचा काडीचा उपयोग नाही. मी 2023 ला हीच चूक केली होती. तेव्हापासून प्रत्येक ऑफर वहीत मांडून ठेवते, आणि त्या वहीवरूनच हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे सगळं इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, 18 पूर्ण झालेल्या माणसासाठी आहे. सांगलीहून माझ्या भाच्याने विचारलं, त्याला मी सरळ नाही म्हटलं. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. तिथे बसून इथल्या नातेवाइकाच्या नावाने खातं चालवणं हा तर दोघांच्याही गळ्यात फास. आणि इथे राहूनही ज्याचा हात पूर्वी एकदा जुगारात सुटला आहे, त्याने ऑफरच्या वाटेला जाऊच नये. गॅमस्टॉप नावाची मोफत सोय आहे. तिथे एकदा नाव नोंदवलं की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्या तुम्हाला सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं दारात उभं करत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका घरात त्या नोंदणीने संसार सावरला, म्हणून हे आधी लिहिलं.

आता ऑफरकडे. फ्री बेट जिंकली तर तुम्हाला फक्त नफा मिळतो, मुद्दल मिळत नाही. घोडं इथेच पेंड खातं. समजा 10 पौंडांची फ्री बेट तुम्ही 1/1 च्या भावावर (लावलेल्या एका पौंडाला एक पौंड नफा) लावली. स्वतःचे 10 लावले असते तर 20 परत आले असते. फ्री बेटीत येतात 10. म्हणजे निम्मी किंमत जागच्या जागी गेली. तीच 40/1 वर लावली तर स्वतःच्या पैशांत 410 आले असते, फ्री बेटीत 400. इथे मुद्दल गेल्याचं जाणवतही नाही. म्हणून फ्री बेट नेहमी मोठ्या भावावर लावायची. गोल्फमध्ये मोठा भाव शोधत फिरावं लागत नाही. ओपनला 156 खेळाडू असतात आणि पहिल्या दहा-बारा नावांनंतर 40/1, 50/1, 80/1 अशीच रांग लागते. टेनिस किंवा फुटबॉलपेक्षा या ऑफर गोल्फला जास्त जुळतात, त्या याच कारणाने.

पण पहिले 10 पौंड, म्हणजे पात्र ठरण्यासाठी लावायची बेट, ती नेमकी उलट्या रीतीने लावायची. ते तुमचे खरे पैसे आहेत. अटीत किमान भाव दिलेला असतो, कुठे 1/2, कुठे 1/1. त्याच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहायचं; भाव छोटा तितकी पैसे परत येण्याची शक्यता जास्त.

आणि कधी लावायची, ते सर्वांत महत्त्वाचं. 2023 ला ओपन मर्सी नदीपलीकडे हॉयलेकला होती. मी बुधवारी खातं उघडलं आणि ते 10 पौंड रोरी मॅकिलरॉय जिंकेल यावर लावून मोकळी झाले. रविवारी ब्रायन हार्मन सहा फटक्यांनी जिंकला, माझी बेट रविवारी संध्याकाळी निकाली निघाली आणि फ्री बेट आल्या सोमवारी. ओपन संपलेली! टोकनची, म्हणजे त्या फ्री बेटींची, मुदत सात दिवस. शेवटी मिनेसोटातल्या एका स्पर्धेवर, जिथल्या निम्म्या खेळाडूंची नावं मला धड वाचता येत नव्हती, तिथे ते तीस पौंड उडवले. विजेत्यावरची बेट चार दिवस अडकून राहते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. ओपनच्या आदल्या आठवड्यात स्कॉटिश ओपन असते, यंदा 9 ते 12 जुलै. पहिले दोन दिवस तिथे तिघातिघांचे गट खेळतात आणि त्या तिघांत त्या दिवशी कमी फटके कोणाचे यावर बेट घेतात, तिला थ्री-बॉल म्हणतात. गुरुवारी 9 तारखेला थ्री-बॉल लावली की निकाल त्याच संध्याकाळी. टोकन बहुतेक ठिकाणी 24 तासांत येतात, म्हणजे शुक्रवारी 10 तारखेला. तिथून सात दिवस मोजले की 17 तारीख. ओपन 16 ला सकाळी सुरू होते. म्हणजे बुधवारी 15 च्या रात्रीपर्यंत तुमच्याकडे टोकनही असतात आणि भावही खुले असतात. हेच जर तुम्ही जून संपता संपता उत्साहाने उरकलंत, तर टोकन ओपनआधीच मरतात. कॅलेंडरवर पेन्सिलने मांडून बघा, मगच खातं उघडा.

अटी वाचताना माझं बोट चार ठिकाणी थांबतं. क्रेडिट कार्ड चालत नाही, ते एप्रिल 2020 पासून कायद्यानेच बंद आहे. डेबिट कार्डच वापरा, कारण पेपॅल, स्क्रिलसारख्या ऑनलाइन पाकिटांतून पैसे भरले तर अनेक ऑफर लागू होत नाहीत. दुसरं, कॅश आउट. पात्रतेची बेट मध्येच कॅश आउट केली, म्हणजे निकालाआधीच मोडून पैसे घेतले, की ऑफर गेली. तिसरं, गटातला एखादा खेळाडू सुरू होण्याआधीच बाहेर पडला तर थ्री-बॉल रद्द होऊ शकते. पैसे परत येतात, पण ती बेट धरली जात नाही, दुसरी लावावी लागते. म्हणून मी गुरुवारी उशिरा निघणारा गट निवडते; सकाळी घोटाळा झालाच तर हातात वेळ राहतो. चौथं, फ्री बेट ‘ईच-वे’ लावता येते का. ते पुढे सांगते. 19 जानेवारी 2026 पासून एक बरं झालं आहे: बोनसच्या दहा पटींपेक्षा जास्त रकमेच्या बेट लावायची अट घालता येत नाही, आणि ऑफरसाठी बेटही लावा आणि कॅसिनोही खेळा अशी सांगड घालायला बंदी आली आहे.

आपल्या लोकांची एक खास अडचण आहे, आणि तिच्यावर इंग्रजी पानांत कोणी लिहीत नाही. ती म्हणजे आपलं मधलं नाव. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, बँकेच्या कार्डावर फक्त पहिलं नाव आणि आडनाव. 2019 पासून कंपनीला पहिली बेट घेण्याआधीच नाव, पत्ता, जन्मतारीख पडताळावी लागते. एका कंपनीने माझं खातं पाच दिवस अडकवून ठेवलं, कारण त्यांच्या मते कागदांवरच्या दोन बायका वेगळ्या होत्या! ते पाच दिवस म्हणजे नेमका स्कॉटिश ओपनचा आठवडा. माणसाशी बोलायला मिळेना, प्रत्येक वेळी तोच ठरावीक मजकूर परत. म्हणून खातं जुलैच्या पहिल्या एक-दोन दिवसांत उघडा, पैसे न भरता कागदपत्रं आधी मंजूर करून घ्या, आणि नाव बँकेत जसं आहे तसंच टाका. फक्त ऑफरची मुदत खातं उघडल्यापासून मोजतात की पैसे भरल्यापासून, तेवढं आधी बघा.

एका पत्त्यावर एकच ऑफर, हेही ध्यानात ठेवा. एकाच घरातून नवरा, बायको आणि खाली भाड्याने राहणारा मुलगा अशी तीन खाती एकाच कंपनीत उघडली तर तिन्ही बंद होऊ शकतात. आमच्याकडे कंपन्या वाटून घेतल्या आहेत.

आता ईच-वे. 10 पौंडांची फ्री बेट 5 आणि 5 अशी फोडायची. पहिले 5 खेळाडू जिंकण्यावर, दुसरे 5 तो पहिल्या काही जागांत येण्यावर. जागेसाठी भाव बहुधा विजयाच्या भावाच्या एक पंचमांश. मेजरला (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, ओपन त्यातलीच) 8 किंवा 10 जागा देणाऱ्या कंपन्या सापडतात. 40/1 चा खेळाडू एकटा पाचवा आला तर जागेचा भाव 8/1, म्हणजे 40 पौंड. जिंकलाच तर 200 अधिक 40.

इथे बरोबरीचा नियम समजून घ्यायलाच हवा. हॉयलेकच्या त्या रविवारी आम्ही दोघं पावसात चिंब होऊन उभे होतो, कारण शुभंकर शर्मा खेळत होता. तो संयुक्त आठवा आला, ओपनमधली भारतीयाची सर्वांत चांगली कामगिरी. छाती भरून आली होती. पण हिशेब बघा. आठव्या जागेवर दोघं होते, शुभंकर आणि कॅमेरन यंग. कंपनी 8 जागा देत असेल तर शिल्लक जागा एक आणि माणसं दोन, म्हणून तुमची रक्कम निम्मी धरली जाते. सोपं जावं म्हणून भाव 200/1 धरू. जागेचा भाव 40/1. स्वतःचे 5 पौंड असतील तर पूर्ण हिशेबाने 205 यायचे. निम्म्याने अडीच पौंडांवर 100 आणि वर अडीच, म्हणजे 102.50. तीच बेट 10 जागा देणाऱ्या कंपनीत असती तर पूर्ण 205. त्याच दिवशी दुसऱ्या जागेवर चौघं बरोबरीत होते, पण दोन ते पाच या चारही जागा पैसे देणाऱ्याच, म्हणून त्यांच्यात काहीच कापलं जात नाही. कापाकापी फक्त शेवटच्या जागेच्या उंबरठ्यावर होते. गोल्फमध्ये त्या उंबरठ्यावर पाच-सहा जणांची गर्दी नेहमीची, म्हणून भाव किंचित कमी असला तरी मी 10 जागांची कंपनी घेते.

कोणावर लावायची हे मी सांगणार नाही. मी स्वतः 30/1 ते 80/1 मधले, समुद्रकाठच्या वाऱ्यात पूर्वी टिकलेले तीन जण घेते, तिघांवर 5-5 ईच-वे. इथला वारा मी रोज अंगावर घेते; सकाळी दोरीवरचं कापड हलत नाही आणि दुपारी चिमटे उडून जातात. ओपनला निम्मे खेळाडू गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी खेळतात, उरलेले उलटे. म्हणून वेळापत्रक जाहीर झालं की हवामानाचा अंदाज शेजारी ठेवून बघते आणि तिन्ही बेट बुधवारी रात्री लावते. 2024 ला ओपन ट्रूनला होती, तेव्हा जस्टिन रोझ घेतला होता. पात्रता फेरी खेळून आलेला, आणि 1998 ला इथेच बर्कडेलला सतरा वर्षांचा हौशी पोरगा म्हणून संयुक्त चौथा आलेला, ते मनात होतं. तो संयुक्त दुसरा आला आणि माझी तोवरची सगळी नुकसानी भरून निघाली. पण 2025 ला पोर्टरशला शेफलर चार फटक्यांनी जिंकला आणि माझे तिघंही कुठेच नव्हते. वहीत त्या पानावर तीन शून्यं आहेत. बहुतेक वेळा असंच होणार हे धरूनच चाला.

ज्यांना शून्य नको असेल त्यांच्यासाठी एक्स्चेंजचा, म्हणजे जिथे लोक एकमेकांशीच पैज लावतात त्या साइटचा, मार्ग आहे. तिथे तुम्ही खेळाडू जिंकणार नाही यावर पैसे लावता. बुकमेकरकडे 10 ची फ्री बेट 10/1 वर, म्हणजे दशांशात (मुद्दल धरून) 11 वर, विजयासाठी लावली. एक्स्चेंजला त्याच खेळाडूचा भाव 11.5 आणि कमिशन 2 टक्के असेल तर 8.71 पौंड त्याच्याविरुद्ध लावायचे. तो हरला तर कमिशन जाऊन 8.54 मिळतात. जिंकला तर बुकमेकरकडून 100 येतात आणि एक्स्चेंजला 91.46 जातात, उरतात तेच 8.54. सुंदर हिशेब आहे, पण त्यासाठी जवळजवळ 92 पौंड चार दिवस एक्स्चेंजवर अडकवावे लागतात, तेही एका 10 च्या फ्री बेटीसाठी. महिनाअखेरीला ते जमत नसेल तर नादी लागू नका. बटण चुकून उलटं दाबलं गेलं, तर दुहेरी फटका बसतो.

घराचं कर्ज काढायचं असेल तर यंदा ही ऑफर सोडून द्या. बँक स्टेटमेंट मागते आणि त्यात बुकमेकरचं नाव ठळक दिसतं. जिंकलेल्या पैशावर मात्र इथे कर नाही. खेळणाऱ्यावरचा बेटिंगचा कर 2001 ला गेला.

खातं उघडल्या उघडल्या पैसे भरण्याची मर्यादा 10 पौंडांवर टाका. आणि रविवारी 19 ला, शेवटचा चेंडू छिद्रात गेला की त्याच रात्री शिल्लक काढून घ्या. त्याच दिवशी फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आहे, त्यामुळे फोनवर ‘खास तुमच्यासाठी’ची रीघ लागेल. मी जाहिरातींचे सगळे मेसेज बंद करते आणि पैसे बँकेत दिसले की खातं बंद करायला सांगते. बंद झाल्याचा ई-मेल येतो. तो छापून मी वहीत त्या ऑफरच्या पानाला टाचणीने लावते आणि खाली एकूण आकडा लिहिते, उणे असेल तर लाल पेनाने.