गायक वजा, गिटार अधिक: गायलेलं गाणं सर्फ शैलीत वाजवायचं कसं

‘मिसिरलू’ ऐकणाऱ्या बहुतेकांना ते मुळात गायचं गाणं आहे याची कल्पना नसते. पूर्व भूमध्य समुद्राच्या पट्ट्यातली ही प्रेमाची चाल. ग्रीक भाषेत ती १९२७ साली ध्वनिमुद्रित झाली, अरबीतही गायली गेली, आणि लय होती निवांत. १९६२ साली दक्षिण कॅलिफोर्नियात गिटारवादक डिक डेलने तिच्यातले शब्द काढून टाकले, लय पळती केली आणि चाल गिटारच्या सर्वांत जाड तारेवर चढवली. डेलचे वडील लेबनॉनी वंशाचे होते. एका तारेवर अख्खं गाणं वाजवून दाखवशील का, असं एका श्रोत्याने विचारलं आणि ऊद वाजवणारे काका आठवले, असं तो सांगत असे. पुढे १९९४ साली ‘पल्प फिक्शन’च्या सुरुवातीला हीच वाजवणी आली आणि जगभर पोचली.

हेच सर्फ संगीत: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळीने खेळणाऱ्या तरुणांत रुजलेलं, गिटारप्रधान आणि बहुतेक शब्दांशिवायचं. त्याचा भर १९६१ ते १९६४ एवढाच टिकला, पण गायलेली गाणी त्या ढंगात वाजवण्याचा नाद गेलेला नाही. मेक्सिकन कुस्तीचे मुखवटे घालून वाजवणाऱ्या लॉस स्ट्रेटजॅकेट्स या अमेरिकन बँडने २०१७ साली निक लो या गायकाच्या गाण्यांचा अख्खा अल्बम एकही शब्द न गाता केला. आपल्यालाही हा प्रकार परका नाही. व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारवर आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांनी अ‍ॅकॉर्डियनवर वाजवलेली हिंदी चित्रगीतं रेडिओवर पुष्कळांनी ऐकली आहेत, आणि वरातीतला बँड तर दुसरं काय करतो?

सुरुवातीलाच एक अडचण समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. गाण्याची तीन कडवी तीन वेगळी वाटतात ती शब्दांमुळे. शब्द गेले की तिन्ही कडवी एकच होतात, आणि दुसऱ्या कडव्यापाशी ऐकणारा मोबाइल काढतो. तीच चाल पुन्हा वाजवायला गिटारला प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त द्यावं लागतं.

गाणं निवडताना

चाल ‘ला ला’ करत कुणाला तरी म्हणून दाखवा, साथ न घेता. चार ओळींत ओळखू आली आणि कंटाळा आला नाही, तर गाणं पुढच्या फेरीत. रॅप बाद, बोलल्यासारखी गाणी बाद. ज्यांची सगळी गंमत शब्दांच्या कोपरखळीत आहे ती गाणीही बाद, मग ती कितीही लाडकी असोत. संथ भावगीतांबद्दल माझं मत जरा कडक आहे: त्यातला मुक्त, लयीच्या मागेपुढे रेंगाळणारा गळा सर्फच्या सरळसोट ठेक्यावर बसवला की बिचारं गाणं कवायत करू लागतं.

चालतं काय? उड्या घेणारी चाल, साधारण सप्तक-दीड सप्तकाचा पल्ला, आणि कोमल स्वरांचा थोडा काळोख. ‘मिसिरलू’चे स्वर मांडून पाहिले तर कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, शुद्ध निषाद, म्हणजे आपला भैरव थाटच. त्यामुळे भैरवातल्या चाली सर्फ गिटारवर अगदी घरच्यासारख्या वाजतात. कोळीगीतं तर समुद्राचीच, त्यांचा मोह होणारच. फक्त त्यातल्या बऱ्याच गाण्यांचा ठेका तीन-तीनच्या गटात चालतो आणि सर्फचा चार-चारच्या. त्यावर एक सोपी युक्ती आहे: तीनच्या प्रत्येक गटातला पहिला स्वर दुप्पट लांब करा, बाकीचे दोन तसेच ठेवा. तीनाचे चार होतात आणि चाल ओळखीची राहते.

चाल उतरवून घ्या, पण गायकाची नक्कल करू नका

गाणं ‘ऑडॅसिटी’सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, सूर न बदलता लय कमी करा आणि चाल सरगममध्ये लिहा. पेटीवर बोटं फिरत असतील तर हे काम तासाभराचं. मुरक्या आणि हरकती या टप्प्यावर गाळा. आधी सांगाडा, मग एखादी हरकत परत आणता येते.

खरी गोची अक्षरांची. एकाच सुरावर सात अक्षरं असलेली ओळ गळ्यातून छान येते, पण गिटारवर तेच सात टोले म्हणजे दारावरची टकटक. अशा जागी दोनच पर्याय: सातांचा एक लांब स्वर करा, किंवा सगळी जागा वेगाने खालीवर छेडत भरून काढा. गायक प्रत्येक कडव्यात चाल किंचित बदलतो, त्यातलं सर्वांत साधं रूप पहिल्या फेरीसाठी ठेवा आणि बाकीची पुढच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवा. ती नंतर फार कामाला येतात.

पट्टी बदला

गायकाची पट्टी त्याच्या गळ्यासाठी होती, तिचं ओझं आपण कशाला वाहायचं? सर्फला जाड तारांचा गाभा लागतो, म्हणून चालीतला सर्वांत खालचा स्वर मोकळ्या तारेवर आणा. चाल मंद्र पंचमापर्यंत उतरत असेल तर तो पंचम सहाव्या तारेच्या मोकळ्या ‘ई’वर बसवा, षड्ज आपोआप पाचव्या तारेच्या मोकळ्या ‘ए’वर येतो. चाल षड्जाच्या खाली जातच नसेल तर षड्जच ‘ई’वर ठेवा. मायनर चालींना ‘ई मायनर’ आणि ‘ए मायनर’ या दोन पट्ट्या बहुतेक वेळा पुरतात.

उजवा हात

गळा एक स्वर हवा तितका धरून ठेवू शकतो, तार मात्र छेडल्या क्षणापासून विझू लागते. मेंडोलिनवाले यावर जे करतात तेच इथे करायचं: लांब स्वरावर प्लेक्ट्रम (तार छेडायचा चपटा तुकडा) अखंड खाली-वर चालवायचं, एका मात्रेत चार टोले. डेलची ओळखच ती होती. हालचाल मनगटातून हवी. कोपर हलू लागला तर लय कमी करा, मेट्रोनोमवर (लय मोजणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला १०० मात्रांपासून सुरुवात करून हळूहळू १५०-१६० पर्यंत जा. सगळीकडे हेच केलंत तर मात्र मधमाश्यांचं पोळं ऐकू येतं. ओळीच्या शेवटच्या लांब स्वरांसाठी आणि एखाद्या फेरीच्या चढासाठी ते राखून ठेवा.

दुकानातून येणाऱ्या गिटारला सहसा ०.००९ किंवा ०.०१० इंचाची पहिली तार असते. ती या कामाला लेचीपेची पडते. ०.०११ चा संच घाला, बोटं तयार असतील तर ०.०१२ चा. डेलची पहिली तार ०.०१६ ची असे, त्या वाटेला जायची गरज नाही. पिकअप (तारेचा आवाज टिपणारा भाग) सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच वेटोळ्याचा हवा, आणि छेडायचं ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या जवळ.

गायकाची मींड आणि कंप यांसाठी व्हायब्रेटो आर्म, म्हणजे ब्रिजला जोडलेला दांडा आहे. लांब स्वराच्या शेवटी तो अलगद दाबून सोडा. सुरुवातीलाच दाबलात तर स्वर बेसूर वाटतो, कारण कानाला मूळ सूर अजून कळलेलाच नसतो. जाड तारेवरून खाली घसरत येणारी घसीट हा दुसरा दागिना. द शांटेजच्या ‘पाइपलाइन’ची सुरुवात एकदा लक्ष देऊन ऐका. ओळींमध्ये गायक जिथे श्वास घेतो ती जागा अशा घसिटीला किंवा ड्रमच्या छोट्या तुकड्याला द्या. मुळात ही जागा शोधा तरी. शब्द नसले की वादक श्वास घ्यायचा विसरतो आणि ओळी एकमेकींना चिकटतात.

रचना: इथेच गाणं जिंकतं किंवा हरतं

आधी कात्री. मूळ गाणं पाच मिनिटांचं असेल तर तुमचं अडीच मिनिटांत संपलं पाहिजे. साठच्या दशकातल्या सर्फच्या तबकड्या बहुतेक दोन-सव्वादोन मिनिटांच्या असत, आणि शब्दांशिवाय ऐकणाऱ्याला धरून ठेवायला तेवढाच वेळ हाताशी असतो. लांबलचक सुरुवातीचं संगीत काढा, तिसरं कडवं काढा.

उरलेल्या प्रत्येक फेरीला वेगळी जागा द्या. ‘मिसिरलू’त डेलने नेमकं हेच केलं: चाल आधी जाड तारेवर, मग वरच्या सप्तकात, मध्येच ट्रंपेट. एक नमुना देतो. पहिला मुखडा खालच्या तारांवर, तळव्याने तारा किंचित दाबून, कोरडा. कडवं मधल्या तारांवर, मोकळं. दुसरा मुखडा एक सप्तक वर. दुसऱ्या कडव्यात चाल सॅक्सोफोनला किंवा ऑर्गनला द्या आणि गिटारने फक्त उत्तरं द्यावीत. ही वाद्यं नसतील तर चाल दोन तारांवर, प्रत्येक स्वराला त्याच्यापासून तिसरा स्वर जोडून वाजवा. शेवटचा मुखडा पुन्हा खाली, पण या वेळी अखंड टोल्यांनी. पट्टी अर्ध्या सुराने चढवायची सवय आपल्याला चित्रपट संगीताने लावली आहे. एकदा चढवली तर बहार, दोनदा चढवली तर ऑर्केस्ट्राची नाईट.

एक मुखडा तरी जसाच्या तसा, न सजवता वाजवा, आणि तो पहिलाच असू द्या. ऐकणाऱ्याच्या मनात मूळ शब्द आपोआप सुरू झाले पाहिजेत. नंतरच्या सगळ्या करामतींची मजा त्यावर उभी आहे.

ठेका, बेस आणि दुसरी गिटार

ड्रमचा मूळ बोल असा: धूम, ता-ता, धूम, ता. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. दुसऱ्या मात्रेवर आणि तिच्या अर्ध्यावर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), मग चौथीवर पुन्हा स्नेअर. राइड झांजेवर एका मात्रेत दोन टोले. संगणकावर ड्रम बनवत असाल तर सगळे टोले एकाच जोराचे ठेवू नका, ‘ता-ता’तला दुसरा थोडा हलका. बेस प्लेक्ट्रमने वाजवा, आवाज आखूड ठेवा. दुसऱ्या गिटारचं काम कोरडे, दाबलेले कॉर्ड लयीत देत राहणं. तिला चाल वाजवायचा मोह आवरायला सांगा.

मूळ गाण्यात सतरा कॉर्ड असतील तर तीन-चारवर आणा. बारीकसारीक कॉर्ड गळ्याखाली शोभतात, या वेगात त्यांचा चिखल होतो.

रिव्हर्ब

ज्या ओल्या, ठिबकणाऱ्या आवाजाला लोक सर्फ म्हणतात तो स्प्रिंग रिव्हर्बचा, म्हणजे स्प्रिंगमधून आवाज नेऊन मिळवलेल्या घुमाऱ्याचा. हॅमंड ऑर्गनमध्ये वापरलेली स्प्रिंगची कल्पना फेंडर कंपनीने १९६१ साली वेगळ्या पेटीत आणली. डेलला ती हवी होती स्वतःच्या गळ्यासाठी, गिटारला ती नंतर जोडली गेली. पेटीवर बटणं तीनच: स्प्रिंगला किती जोराने ढकलायचं, मूळ आवाजात किती मिसळायचं, आणि टोन.

पेडल असो वा प्लगइन, ‘स्प्रिंग’ लिहिलेलाच प्रकार निवडा. ‘हॉल’ने देवळाच्या गाभाऱ्याचा आवाज येतो, सर्फचा नाही. जुन्या पेटीप्रमाणे रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या आधी लावा. ढकलण्याचं बटण निम्म्याच्या पुढे ठेवा, दाबलेल्या तारेवर जोरात टोला मारा आणि ‘प्लिक’ असा थेंबासारखा आवाज येतो का ते ऐका. मग मिसळण्याचं बटण मागे घेत चालीचे स्वर वेगवेगळे ऐकू येईपर्यंत थांबा. अ‍ॅम्पचा आवाज स्वच्छ हवा, डिस्टॉर्शन बंद. बेस आणि किकवर रिव्हर्ब नको.

प्रसिद्ध करण्याआधी

शब्द काढले म्हणून चाल तुमची होत नाही. भारतात संगीतरचनेचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सीमध्ये कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण नव्याने मुद्रित करण्यासाठी, वैधानिक परवान्याची सोय आहे. पण मूळ गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन मोजावं लागतं. हौशी माणसाला ते झेपणारं नाही. म्हणून पैसे कमवायचे असतील तर आधी हक्कदार कंपनीशी बोला, किंवा पारंपरिक चाल घ्या. आणि ‘पारंपरिक’ म्हणून मिरवणाऱ्या चालीमागे कधीकधी हयात संगीतकार निघतो, तेवढं तपासून घ्या. नुसतं यूट्यूबवर टाकणार असाल तर तिथली यंत्रणा चाल ओळखून जाहिरातीचं उत्पन्न मूळ हक्कदाराकडे वळवू शकते किंवा व्हिडिओ अडवूही शकते, हे गृहीत धरा. मूळ तबकडीतला एकही तुकडा आपल्या रेकॉर्डिंगमध्ये घेऊ नका, त्याचा हक्क वेगळा असतो. वर्णनात संगीतकाराचं नाव पहिल्या ओळीत लिहा. शब्द वाजत नसले तरी गीतकाराचंही लिहा, ऐकणारा मनात गाणार आहे ते त्याचेच.