खासी घरात कथा मांडण्याआधी

मेघालयातल्या खासी समाजाच्या घरात आपली मराठी कथा घडवायची असेल, तर शिलाँगला जाण्याआधी एक काम घरीच उरकायचं: आपल्या खर्ड्यातले मराठी शब्द तपासायचे. सासर, माहेर, पाठवणी, ‘सून घरात आली’, ‘परक्याचं धन’ यांतलं काहीच खासी घरात जसंच्या तसं चालत नाही. तिथे कूळ आईकडून येतं, मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात आणि घर सांभाळणाऱ्या धाकटीचा नवरा तिच्याकडे राहायला येतो. असा प्रत्येक शब्द पेन्सिलीनं खुणावून ठेवा. ‘मामा’वर तर दोनदा खूण करा. आपला मामा म्हणजे सुट्टी आणि लाड. खासी कुटुंबातला ‘क्नी’, म्हणजे आईचा भाऊ, हा परंपरेनं घरातल्या मोठ्या निर्णयांतला वजनदार माणूस. तो दारात आला की कोण उठून उभं राहतं, कोण गप्प होतं, हे कळल्याशिवाय त्याच्या तोंडी एकही वाक्य घालू नये.

याच वेळी ‘स्त्रीसत्ताक’ हा शब्द खोडून ‘मातृवंशीय’ लिहा. फरक मोठा आहे. ‘का खद्दुह’ म्हणजे सर्वांत धाकटी मुलगी. वडिलोपार्जित घर तिच्याकडे येतं, पण त्याबरोबर आईवडिलांचं म्हातारपण, घरचे विधी आणि अडचणीत परतलेल्या भावंडांचा आसराही येतो. ते घर तिनं मनाला आलं म्हणून विकायचं नसतं. गावच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, तर परंपरेनं पुरुषच बसत आले. मला कथेचं बीज इथेच दिसतं: थोरली गाव सोडून जाऊ शकते, धाकटीला घर मिळतं आणि तेच तिला बांधून ठेवतं. बाहेरचा लेखक पहिल्या ओळीतच ‘बायकांचं राज्य’ म्हणून मोकळा होतो आणि ही धाकटी त्याला दिसतच नाही.

मग कान तयार करायचे. खासी ही कंबोडियातल्या ख्मेरच्या कुळातली, ऑस्ट्रो-आशियाई भाषा. शेजारच्या गारोंची भाषा तिबेटी-बर्मी गटातली, तेव्हा ‘मेघालयातली एक प्रथा’ म्हणून गारो चालीरीत खासी घरात आणू नका. खासी लिहिली जाते रोमन लिपीत. 1841 साली सोहऱ्याला (चेरापुंजीला) आलेल्या थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्यानं ती घडी बसवली, त्यामुळे नावं इंग्रजीसारखी वाचून देवनागरीत उतरवली तर चुकतात. माणसांच्या तोंडून ऐकूनच लिहा. बाईला ‘काँग’, पुरुषाला ‘बाह’ म्हणतात. सूर्य खासीत स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी. एका लोककथेत ती चंद्राच्या तोंडावर राख फेकते, तेच त्याचे डाग. आपली ‘सूर्यनारायण’ छापाची उपमा म्हणूनच गळून पडते.

पाहुण्याला आधी ‘क्वाय’, म्हणजे चुना लावलेलं पान आणि सुपारी. पूर्वी किती क्वाय चघळून होतील यावर वाटेचं अंतर सांगत, हे प्रवासाच्या प्रसंगात फार उपयोगी पडेल. जेवणात जादोह, डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला भात. आणि तुंगताप, म्हणजे सुक्या मासळीची चटणी.

ऋतू नक्की ठरवा. सोहरा म्हणजे चेरापुंजी, म्हणून पानोपानी पाऊस पाडू नका. तिथेच हिवाळ्यात पाण्याची टंचाई असते. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे आपल्याकडच्या संध्याकाळच्या चहाचा प्रसंग तिथे दिव्याच्या उजेडात घडेल. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, कारण बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. पण सगळे नाहीत. मूळ खासी धर्म जपण्यासाठी 1899 साली सेंग खासी ही संस्था उभी राहिली आणि ती आजही आहे. तुमचं कुटुंब कोणत्या बाजूचं, की दोन्हीकडचं, हे आधीच ठरवा.

शिलाँगमध्ये डॉन बॉस्को संग्रहालय पाहाच, पण जास्त वेळ इएवदुह बाजारात घालवा. तिथला बराच व्यापार बायकांच्या हातात आहे. मॉफलाँगच्या देवराईत गेलात तर पानही बाहेर आणू नका.

शेवटी, मानधन देऊन एक खासी वाचक शोधा. मराठी येत नसेल तर प्रसंग हिंदीत किंवा इंग्रजीत सांगा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. विचारा: या घरात क्वाय कोण पुढे करेल? ही धाकटी क्नीला ‘नाही’ कशी म्हणेल? म्हणेल का?