एआय आणि व्हीआरवर शिक्षण-संशोधन करायचंय? आधी तुलना कशाशी ते ठरवा

"मॅडम, मला व्हीआर आणि एआयमध्ये पीएच.डी. करायची आहे, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. कुणी इंजिनीअरिंग करून आलेलं असतं, कुणी बी.एड. करून शाळेत शिकवत असतं, कुणाला आयटीतली नोकरी नकोशी झालेली असते. मी उलट विचारते, "कुठल्या धड्यासाठी?" त्यावर बहुतेक जण गप्प होतात. धडा ठरलेला नसतो, हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जगात नेणारं व्हीआरचं यंत्र) मात्र ठरलेला असतो. कधी कधी विकतही घेतलेला असतो.

या क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी दोन अभ्यास मुळातून वाचा. पहिला पॅरोंग आणि रिचर्ड मेयर यांचा, २०१८ सालचा. जीवशास्त्राचा एक धडा काही विद्यार्थ्यांनी हेडसेट लावून पाहिला आणि काहींनी साध्या स्लाइडवर वाचला. हेडसेटवाल्यांना मजा जास्त आली, पण चाचणीत स्लाइडवाले पुढे गेले. दुसरा माक्रान्स्की, टर्किल्डसन आणि मेयर यांचा, २०१९ सालचा. यात ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेचं सिम्युलेशन हेडसेटमध्ये आणि संगणकाच्या पडद्यावर केलं, आणि मेंदूवरचा ताण ईईजीने, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपून, मोजला. निकाल शीर्षकातच दिलाय: 'तिथे असल्याची' जाणीव वाढली, शिकणं घटलं.

हे वाचून काही जण हिरमुसतात आणि विषय बदलायला निघतात. तसं करू नका. पॅरोंग-मेयर यांच्याच शोधनिबंधात दुसरा प्रयोग आहे. तोच व्हीआर धडा त्यांनी तुकड्यातुकड्यांत दाखवला आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना सारांश लिहायला लावला. त्या गटाचं शिकणं सुधारलं. नुसत्या हेडसेट-अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये आलं. त्यात ३५ अभ्यास मिळून सरासरी परिणाम ०.२४ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) निघाला, म्हणजे आहे, पण बेताचाच. संशोधनाला खरी जागा इथेच आहे: कुठल्या आशयासाठी, धड्याची मांडणी कशी केली तर, आणि कशाच्या तुलनेत.

ही 'कशाच्या तुलनेत' बाब मी सगळ्यात वर ठेवते. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत एका गटाला हेडसेट मिळतो आणि दुसऱ्याला फळ्यावरचं कंटाळवाणं व्याख्यान. मग हेडसेट जिंकतो आणि सगळे खूश होतात. पण त्या गटाला जास्त वेळ मिळाला, जास्त चित्रं मिळाली, बाहेरून आलेली उत्साही ताई मिळाली. यातलं नेमकं काय कामाला आलं, हे कुणी सांगू शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. माझ्या मते व्हीआरसाठी चंद्राच्या कलांइतका योग्य धडा शाळेच्या भूगोलात दुसरा नाही, कारण तिथे मुलाला एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहावं लागतं: पृथ्वीवर आणि अंतराळात. अष्टमीला अर्धा चंद्र का दिसतो, असं विचारलं की जगभरची मुलं, आणि मोठी माणसंही, पृथ्वीची सावली पडते म्हणून सांगतात. ही चुकीची कल्पना इतकी चिवट आहे, की तिच्यावर विज्ञान-शिक्षणात चिक्कार संशोधन झालंय. मग व्हीआरची तुलना कशाशी करायची? फळ्यावरच्या आकृतीशी करू नका. अंधाऱ्या खोलीत एक बल्ब लावा, काडीला खोचलेला थर्माकोलचा गोळा मुलाच्या हातात द्या आणि त्याला स्वतःभोवती फिरायला सांगा: बल्ब म्हणजे सूर्य, गोळा म्हणजे चंद्र, मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. खर्च नगण्य. या गोळ्यापेक्षा हेडसेटने काही जास्त दिलं, तर त्याला निष्कर्ष म्हणता येईल. नाही दिलं, तर तोही निष्कर्षच आहे, आणि ज्या शाळेकडे पैसे नाहीत तिच्या दृष्टीने जास्त मोलाचा.

चाचणीचंही तसंच. पुस्तकातला प्रश्न जसाच्या तसा विचारलात, तर पाठांतर मोजलं जाईल. आपल्याकडे एक आयता प्रश्न आहे: संकष्टीला चंद्रोदयाची वाट का बघावी लागते? पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमारास चंद्र उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशीर होत जातो, हे ज्या मुलाच्या डोक्यात चित्र म्हणून बसलंय, त्याला उत्तर जमतं. बाकीचे "कॅलेंडरमध्ये वेळ दिलेली असते" असं लिहितात. आता याला चूक म्हणायचं तरी कसं! असे प्रश्न तयार करायला, दोन-तीन अनुभवी शिक्षकांकडून तपासून घ्यायला आणि दुसऱ्याच शाळेत आधी छोट्या प्रमाणावर (पायलट) करून पाहायला मला अ‍ॅप बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तुम्हालाही लागेल. सिनॉप्सिसच्या, म्हणजे पीएच.डी.च्या संशोधन आराखड्याच्या, वेळापत्रकात तेवढी जागा ठेवा.

आता एआयकडे. इथे आशावादाचा इतिहास जुना आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं, की एकास एक शिकवणीतला विद्यार्थी वर्गात शिकणाऱ्याच्या दोन प्रमाण विचलनं पुढे जातो. हा आकडा आजही प्रत्येक एडटेक (शिक्षण-तंत्रज्ञान) कंपनीच्या सादरीकरणात भेटतो. संशोधक व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये बरेच अभ्यास चाळले, तेव्हा मानवी शिकवणीचा परिणाम ०.७९ आणि पायरीपायरीने मदत करणाऱ्या संगणकीय शिक्षकाचा ०.७६ निघाला. म्हणजे माणूस वाटला होता तितका वर नव्हता आणि यंत्र वाटलं होतं तितकं खाली नव्हतं.

चॅटबॉट आल्यानंतरचा अभ्यास निवडायचा झाला, तर मी तुर्कस्तानातला निवडेन. बस्तानी आणि सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग केला. तो २०२५ मध्ये पीएनएएस या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साधा जीपीटी-४ हाताशी असलेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ती १७ टक्के मागे. तिसऱ्या गटाचा चॅटबॉट थेट उत्तर न देता इशारे देणारा होता. त्यांची सरावातली वाढ १२७ टक्के, आणि परीक्षेतलं नुकसान बहुतांशी टळलं. मॉडेल तेच, शिकवण्याची पद्धत वेगळी. नुसत्या सरावाचे गुण मोजून शोधनिबंध लिहिला असता, तर निष्कर्ष नेमका उलटा आला असता.

आपल्या देशातला अभ्यास हवा असेल, तर मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा दिल्लीतला घ्या. माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या केंद्रांत सोडत काढून मुलं निवडली. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांची वाढ झाली. सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न बघता त्याची खरी पातळी बघून धडा देत होतं. आठवीच्या वर्गात पाचवीचं गणित न येणारी मुलं असतात, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. सोडतीची ती पद्धत नीट समजून घ्या.

एक आग्रहाचा सल्ला: एका पीएच.डी.त एआय आणि व्हीआर दोन्ही घेऊ नका. व्हीआरच्या आत बोलणारा एआय शिक्षक ही कल्पना सिनॉप्सिसमध्ये झोकदार दिसते. पण फरक पडला, तर तो कशामुळे? ते वेगळं काढायचं तर चार गट लागतात, म्हणजे दुप्पट मुलं, दुप्पट परवानग्या. शिवाय मराठीतलं बोलणं ओळखून, उत्तर तयार होऊन, आवाज परत येईपर्यंत हेडसेटमधलं मूल भलतीकडेच बघत बसतं.

चॅटबॉटवर काम करणार असाल, तर मॉडेलची नेमकी आवृत्ती आणि तारीख नोंदवा, प्रत्येक संभाषण जपून ठेवा. कंपनी मॉडेल बदलते आणि जूनमधला गट व डिसेंबरमधला गट एकाच यंत्राशी बोलला, असं म्हणता येत नाही. मुलं मराठी रोमन लिपीत टाइप करतात, बोलीत लिहितात, अर्धं वाक्य सोडून देतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न आधी स्वतः विचारून उत्तरं पाठ्यपुस्तकाशी ताडून बघा. देवनागरी मजकुराला टोकनही (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे, ज्यांवर पैसे मोजले जातात) जास्त लागतात, तेव्हा खर्चाचा अंदाज इंग्रजीवरून बांधू नका. मुलांची नावं बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ देऊ नका, सांकेतिक क्रमांक द्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. पालकांचं संमतीपत्र मराठीत, साध्या भाषेत असू द्या आणि मुलालाही विचारा. "नको" म्हणणाऱ्या मुलाला त्या तासाला करण्यासारखं दुसरं काहीतरी हाताशी ठेवा.

शाळेतलं प्रत्यक्ष काम कुठल्याच कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर. शाळेत वायफाय आहे असं सांगितलं, तरी ते ऑफिसात असतं. त्यामुळे अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालेल असंच बनवा. हेडसेटमध्ये काय दिसतंय ते लॅपटॉपवर बघायचं, तर स्वतःचा राउटर न्या. बॅटरी दोन-अडीच तासांत बसते, आणि वर्गात चालू असलेला प्लग पॉइंट एकच सापडतो, तोही फळ्यामागे. चष्म्याच्या मुलांसाठी स्पेसर (चष्मा आणि भिंगांत अंतर ठेवणारी चौकट) लागतो. तेल लावलेल्या केसांमुळे पट्टे चिकट होतात, पुसायला कापड आणि बदलायला फेस कव्हर हवीत. खिडकीतून थेट ऊन आलं की हाताच्या हालचालींचा माग चुकतो, आणि उन्हात ठेवलेल्या हेडसेटची भिंगं तर पडदाच जाळतात. मुलांना बसवूनच धडा द्या, फिरत्या खुर्चीवर नको. मधल्या सुट्टीत जेवण झाल्यावर लगेच हेडसेट लावू नका. मळमळ मोजायला १९९३ ची सोळा लक्षणांची प्रश्नावली सर्वत्र वापरतात. ती नौदलाच्या उड्डाण-सिम्युलेटरमधल्या मोठ्या माणसांसाठी बनली होती. आठवीतल्या मुलाला त्यातले निम्मे प्रश्न कळत नाहीत, तेव्हा मराठी रूपांतर मुलांना वाचून दाखवून तपासा.

नवलाईचा प्रश्न तर सगळ्यात अवघड. पहिल्यांदा हेडसेट लावणारं मूल धडा ऐकतच नाही, "आई शप्पथ" म्हणत वर-खाली बघत राहतं. म्हणून खऱ्या धड्याच्या काही दिवस आधी सगळ्यांना दुसऱ्याच कुठल्यातरी दृश्यात मनसोक्त हिंडू द्यावं, असं मी करत आले. वेळ जातो, पण नंतरचा डेटा स्वच्छ मिळतो.

'अ' तुकडीला हेडसेट आणि 'ब' तुकडीला गोळा, अशी वाटणी मुख्याध्यापकांना सोयीची वाटते. बऱ्याच शाळांत 'अ' तुकडी मुळातच हुशार मुलांची असते, आणि दोन तुकड्या म्हणजे आकडेशास्त्राच्या हिशेबात दोनच एकक. त्यापेक्षा प्रत्येक तुकडीतच हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढा. ज्यांना हेडसेट मिळाला नाही त्यांना शेवटची चाचणी झाल्यावर तो मिळेल, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि तसं कराच. नाहीतर पुढच्या वर्षी त्या शाळेत दुसऱ्या संशोधकाला कुणी उभं करणार नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. मुंबईत तीन ठिकाणं आधी बघा: आयआयटी मुंबईचा शैक्षणिक तंत्रज्ञानातला पीएच.डी. कार्यक्रम, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि एसएनडीटी विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग. तिघांची प्रकृती वेगळी आहे. तिथल्या गाइडचे अलीकडचे शोधनिबंध वाचून मगच मेल करा. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि हेडसेटपेक्षा त्याची गरज जास्त पडते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, तरी पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांचा धंदा चालूच आहे. तिकडे फिरकू नका. एआयईडी (शिक्षणातला एआय) किंवा आशिया-पॅसिफिकमधली आयसीसीई (शिक्षणातला संगणक) यांसारख्या परिषदांना निबंध पाठवा. नाकारलं, तरी परीक्षकांच्या टिपण्या हाती येतात.

सॉफ्टवेअरचं उत्तर द्यायचंच, तर व्हीआरसाठी युनिटी आणि सी-शार्प, किंवा ब्राउझरमध्ये चालणारं ए-फ्रेम, चॅटबॉटसाठी पायथन, विश्लेषणासाठी आर. इंजिनीअर मंडळींना यातलं बरंच येत असतं, त्यांनी मापन आणि मूल्यमापनाचं पुस्तक आधी उघडावं. बी.एड.वाल्यांनी कोडिंगला घाबरू नये. वर्गात काय चालतं हे त्यांना माहीत असतं, आणि ती समज मागाहून यायला फार वर्षं लागतात.

वेळापत्रक शाळेच्या हिशेबाने आखा. जून-जुलै प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातो, गणपतीपासून दिवाळीपर्यंत सण आणि सत्र परीक्षा, डिसेंबरात सहली आणि स्नेहसंमेलन, जानेवारीनंतर दहावीची घाई. निवडणूक लागली, तर शिक्षकच जागेवर नसतात. धडा आणि लगेचची चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या पंधरवड्यात, आणि किती लक्षात राहिलं ते बघणारी दुसरी चाचणी जानेवारीच्या सुरुवातीला, हे मला सगळ्यात जमलेलं गणित. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज जुलैतच पडायला हवा, सोबत नैतिक समितीचं पत्र आणि कुठल्या तुकडीचे किती तास लागतील याचा तक्ता. शाळा संस्थेची असेल, तर एक प्रत संस्थेच्या सचिवांना. पोच घ्यायला विसरू नका.