रॅगटाइम ऐकावं कसं: डाव्या हातापासून सुरुवात

स्कॉट जॉप्लिन या अमेरिकन संगीतकाराच्या 'द एंटरटेनर' या पियानोरचनेची सुरावट तुम्ही नक्की ऐकली असेल. १९७३ सालच्या 'द स्टिंग' चित्रपटाने ती जगभर पोचवली आणि पियानो शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांतही ती सोपी करून दिलेली असते. त्यामुळे रॅगटाइम, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं हे अमेरिकन पियानोसंगीत, हलकंफुलकं आणि भरधाव वाजवायचं असा समज पक्का होऊन बसला आहे. पण हे संगीत नीट बसून, सावकाश ऐकण्याच्या योग्यतेचं आहे.

आधी डावा हात

'द एंटरटेनर'च लावा. सुरुवातीला दोन्ही हात एकच सुरावट वरून खाली आणतात. ते चार बार (तालाचे छोटे, समान तुकडे) झाले की डावा हात कामाला लागतो: खर्जातला एक सूर, मग वर एक स्वरमेळ (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर), पुन्हा खर्ज, पुन्हा मेळ. अशा दोन जोड्यांचा एक बार. मांडीवर हाताने हा ठेका धरा.

पुन्हा ऐकताना ठेका चालू ठेवा, पण लक्ष उजव्या हाताकडे न्या. त्याचे आघात ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मध्ये पडतात आणि सूर पुढच्या ठोक्यावरून ओढला जातो. तबल्याचा ठेका सरळ चाललाय आणि गायक बोल मात्रेच्या अलीकडे-पलीकडे टाकतोय, हे ऐकायची सवय असेल तर यातली मजा लगेच कळेल. डावा हात ढळला तर उजव्याच्या खोड्यांना अर्थच उरत नाही.

गती तपासा

स्कॉट जॉप्लिनने आपल्या कित्येक रचनांवर 'ही जलद वाजवू नये' अशी सूचना छापून घेतली होती. ती धाब्यावर बसवणारी ध्वनिमुद्रणं ढीगभर सापडतील. ती सुरुवातीला टाळा. पियानोवादक जोशुआ रिफकिनने १९७० साली केलेलं जॉप्लिनचं ध्वनिमुद्रण घ्या. तिथे मधल्या स्वरांची हालचालही स्वच्छ ऐकू येते.

मग आराखडा

आता जॉप्लिनचीच 'मेपल लीफ रॅग' (रॅग म्हणजे रॅगटाइममधली एक रचना). जॉन स्टार्क या प्रकाशकाने ती १८९९ साली मिसूरी राज्यातल्या सिडेलिया गावातून छापली. करारात जॉप्लिनला प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मिळायचा होता. एकरकमी थोडे डॉलर देऊन रचना विकत घेण्याच्या त्या काळात, कृष्णवर्णीय संगीतकाराला असा करार मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

कागदावर लिहून घ्या: अ अ, ब ब, अ, क क, ड ड. प्रत्येक अक्षर म्हणजे सोळा बारांचा एक भाग. 'अ'मध्ये सातव्या-आठव्या बारपाशी कान टवकारा: रंग अचानक मायनर, म्हणजे उदास छटेचा, होतो आणि सूर खालच्या सप्तकातून टप्प्याटप्प्याने वर चढत जातात. 'क'पाशी पट्टीच बदलते, मूळ पट्टीचा मध्यम हा नवा षड्ज होतो. तो क्षण एकदा ओळखता आला की इतर रॅगमध्येही तो आपोआप सापडू लागतो.

तिघांची तुलना

जॉप्लिनसोबत जेम्स स्कॉटची 'फ्रॉग लेग्ज रॅग' (१९०६) आणि जोसेफ लॅम्बची 'अमेरिकन ब्यूटी रॅग' (१९१३) ऐका. जेम्स स्कॉटचा उजवा हात भरगच्च आणि चपळ. लॅम्बची वाक्यं लांब, स्वरमेळ दाट. लॅम्ब गोरा, न्यू जर्सीत जन्मलेला. संगीतावर पोट न भरताही त्याने इतकं उत्तम काम केलं. मला स्वतःला तिघांत लॅम्ब पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो.

यानंतर जॉप्लिनची १९०९ सालची 'सोलेस' ऐकाच. इथे डावा हात नेहमीची चाल सोडून हबानेराच्या, म्हणजे क्यूबाकडच्या नृत्याच्या लयीत जातो. रॅगटाइम फक्त आनंदी असतं हा समज इथे पुसला जातो. हाच माणूस 'ट्रीमोनिशा' हा ऑपेरा रंगमंचावर यावा म्हणून झटत राहिला. १ एप्रिल १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात तो गेला तेव्हा ते स्वप्न अपुरंच होतं. पुलित्झरचा विशेष सन्मान त्याच्या वाट्याला आला तो १९७६ साली.

आजचे रचनाकार

अमेरिकन संगीतकार विल्यम बोल्कमने वडिलांच्या स्मरणार्थ १९७० साली लिहिलेली 'ग्रेसफुल घोस्ट रॅग' ही आजकडे येण्याची उत्तम वाट आहे. शिकागोचा रेजिनाल्ड रॉबिन्सन शाळकरी वयात या संगीताच्या नादी लागला आणि बरंचसं स्वतःच शिकला. नव्या रॅग रचणाऱ्या या पियानोवादकाला २००४ साली मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळाली.

नोटेशन वाचता येत असेल तर जॉप्लिनच्या रचना आता हक्कमुक्त आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. ऐकताना समोर ठेवा आणि पहिल्या वेळी फक्त खालची, डाव्या हाताची ओळ बोटाने वाचत जा.