विमानात कार सीट नेताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

लेक दीड वर्षाची असताना न्यूजर्सीहून मुंबईला निघालो, तिची कार सीट, म्हणजे लहान मुलांना गाडीत बांधून बसवायची खुर्ची, विमानात लावता यावी म्हणून तिचं वेगळं तिकीट काढलं तर आई फोनवर म्हणालीच, अगं दोन वर्षांपर्यंत मांडीवर चालतं ना, कशाला पैसे घालवलेस. चालतं खरं, पण टर्ब्युलन्सचा जोरात दणका बसला की मांडीवरचं पोर हातात धरून ठेवता येत नाही, एफएए म्हणजे अमेरिकेची विमान वाहतुकीची सरकारी संस्था पण हेच सांगते.

पहिली चूक, लेबल बघितलंच नव्हतं. गाडी आणि विमान दोन्हीसाठी सर्टिफाइड असं कार सीटवर लाल अक्षरात लिहिलेलं लागतं. आम्ही ते शोधत होतो गेटवर, सीट उलटी करून, मागे ही रांग, आणि सापडलं ते वाळून चिकटलेल्या केळ्याखाली 😅 घरीच शोधा आणि फोटो काढून ठेवा. बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलांना उंच बसवायची नुसती बैठक, असेल तर टेकऑफ-लँडिंगला चालतच नाही कारण त्याला खांद्यावरचा पट्टा लागतो, विमानात फक्त कमरेचा.

रुंदी पण मोजा, 16 इंचांपर्यंतची कार सीट सहसा बसते. जागा खिडकीची घ्या म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही, एक्झिटची रांग आणि तिच्या पुढची-मागची नको.

सगळ्यात घाम निघाला तो बसवताना. लॅचचे हुक, म्हणजे कार सीट गाडीला अडकवायचे हुक, विमानात कुठेच अडकत नाहीत, विमानाचाच पट्टा कार सीटमधून ओवायचा, आणि पोराचं तोंड मागे करून बसवायची सीट असेल तर ओवायची जागा वेगळी असते, बाजूला स्टिकर असतो तो बघा. आम्ही पट्टा लावला, बकल नेमकं पोरीच्या पाठीत. विमानाची सीट थोडी मागे करा, पट्टा गच्च ओढा, मग सीट सरळ करा, कार सीट घट्ट बसते. आणि बकल कुठे येतंय ते पोराला बसवायच्या आधी हाताने चाचपून बघा.

कार सीटऐवजी मुलाला विमानाच्या सीटला बांधायचा केअर्स नावाचा पट्टा मिळतो, 10 ते 20 किलोच्या मुलांसाठी, पर्समध्ये मावतो, पण तो फक्त विमानातच चालतो. उतरल्यावर गाडीत काय करणार? आणि कार सीट चेक-इनला टाकली तर आदळआपट होते, तडा गेला तरी बाहेरून दिसत नाही.

मुंबईत उतरल्यावर गाडी आली तर मागच्या सीटला मस्त नवीन कव्हर आणि बेल्टची बकलं त्याच्याखाली गडप, रात्री दोनला ड्रायव्हरदादा आणि मी टॉर्च लावून उपसत बसलो. बकलं वर काढून ठेवा असं ड्रायव्हरला आदल्या दिवशीच फोन करून सांगा.