अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर ल्युकेमिया उलटतो का, यावर नजर कशी ठेवावी

ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असलेल्या प्रौढ रुग्णाचे दात्याच्या पेशी देऊन अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाल्यावर आजार उलटण्यावर नजर ठेवायची असते, परंतु तिचा पाया निदानाच्या वेळच्या कागदांत असतो. सोलापूर किंवा लातूरकडच्या रुग्णाचे निदान गावाजवळ, केमोथेरपी दुसरीकडे आणि प्रत्यारोपण पुण्यात झाले, तर या धावपळीत पहिलाच अहवाल गहाळ होऊ शकतो. मूळ बोन मॅरो (अस्थिमज्जा), फ्लो सायटोमेट्री (पेशींवरील खुणा ओळखणारी तपासणी), गुणसूत्रे आणि जनुकीय बदल यांचे अहवाल एका फाइलमध्ये जपून ठेवावेत, कारण पुढे कोणती खूण शोधायची हे त्यांवरूनच ठरते.

आजार उलटेलच किंवा उलटणार नाही, असे खात्रीने कोणीही सांगू शकत नाही; सांगता येते ती शक्यता. प्रत्यारोपणाच्या वेळी आजार पूर्ण आटोक्यात नसेल, अतिसूक्ष्म अवशेष सापडत असतील, अथवा ल्युकेमियाच्या मायलॉइड प्रकारात टीपी५३ जनुकातील बदल किंवा गुणसूत्रांतील गुंतागुंतीचे बदल असतील, तर धोका अधिक मानला जातो. आजार उलटण्याच्या बहुतेक घटना पहिल्या दोन वर्षांत घडतात, त्यामुळे त्या काळातील तपासण्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लेखी मागून घ्यावे.

सर्वाधिक लक्ष एमआरडी, म्हणजे आजाराचे अतिसूक्ष्म अवशेष शोधणाऱ्या तपासणीकडे द्यावे. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरोतील अपक्व पेशी पाच टक्क्यांहून कमी दिसल्या, तरी आजाराच्या पेशी दडून राहिलेल्या असू शकतात. फ्लो सायटोमेट्री साधारण दहा हजारांत एक अशी पेशी शोधते, तर एनपीएम१ किंवा बीसीआर-एबीएल अशी ठोस जनुकीय खूण असल्यास पीसीआर ही जनुकीय तपासणी त्याहूनही खोल जाते. सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) सामान्य आहे म्हणून मॅरोची ठरलेली तपासणी टाळणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. मॅरो काढताना सर्वांत आधी ओढलेला भाग एमआरडीसाठी जावा, कारण नंतरच्या भागात रक्त मिसळून आजाराच्या पेशी विरळ होतात. नमुना पुण्याबाहेर जाणार असेल, तर तो कोणत्या प्रयोगशाळेत आणि किती वेळात पोहोचेल हे विचारावे, आणि शक्यतो प्रत्येक वेळी प्रयोगशाळा व पद्धत एकच ठेवावी. तसे नसेल तर दोन आकड्यांमधील फरक आजाराचा की पद्धतीचा, हे कळत नाही. एकदाच वाढलेला आकडा सहसा पुन्हा तपासून पक्का केला जातो. शिवाय डीएनएमटी३ए, टीईटी२ किंवा एएसएक्सएल१ या जनुकांतील बदल मागे राहिले म्हणजे आजार उलटलाच, असे नाही.

कायमेरिझम तपासणी रक्त किंवा मॅरोतील पेशींपैकी दात्याच्या किती, हे सांगते. तिच्यासाठी प्रत्यारोपणापूर्वीचे रुग्णाचे आणि दात्याचे नमुने लागतात. सौम्य पूर्वतयारीच्या (आधीचे उपचार कमी तीव्रतेचे असलेल्या) प्रत्यारोपणात सुरुवातीला टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रुग्णाच्या आणि दात्याच्या अशा मिश्र असू शकतात, म्हणून एका टक्केवारीवरून घाबरू नये. मात्र दात्याचा वाटा सलग उतरत असेल, तर एमआरडीसह त्याचा विचार तातडीने व्हायला हवा.

धोक्याची चाहूल लवकर लागली, तर डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करणे, दात्याच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या) पेशी देणे किंवा जनुकीय बदलाला लक्ष्य करणाऱ्या गोळ्या यांचा विचार करतात. दात्याच्या पेशी ल्युकेमियाशी लढतात, पण त्यांना मोकळीक दिली तर त्या रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर आणि यकृतावरही हल्ला करू शकतात. म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा डोस घरच्या घरी कधीही बदलू नये.

आजार मॅरोबाहेरही उलटू शकतो, आणि तेव्हा रक्ताचे अहवाल चांगले असू शकतात. सतत डोकेदुखी, एकाच्या दोन वस्तू दिसणे, त्वचेवर नव्या गाठी किंवा पुरुषांमध्ये अंडकोषाची सूज, तसेच अकारण काळेनिळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त, यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्राला कळवावे. ताप आल्यास तर त्याच तासात फोन करावा, कारण तेव्हा पहिली शंका जंतुसंसर्गाची असते आणि त्याच्या उपचारांना उशीर चालत नाही.