कोकणातल्या प्रक्रिया उद्योगात नव्या उत्पादनांवर संशोधन करायचं असेल तर

एमबीएचा प्रकल्प असो की पीएच.डी., ‘कोकणातील फळप्रक्रिया उद्योगातील नवोपक्रम’ हा विषय घेणाऱ्यांची गाडी बहुतेक पहिल्याच प्रश्नावर अडते: नवं म्हणजे कोणासाठी नवं? याचं उत्तर ठरवल्याशिवाय प्रश्नावली छापू नका. ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आणि युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट यांच्या ‘ओस्लो मॅन्युअल’ची, म्हणजे नवोपक्रम मोजायच्या मार्गदर्शिकेची, २०१८ची चौथी आवृत्ती नेटवर फुकट मिळते, आधी ती वाचा. तिच्यातली कसोटी अशी: माल त्या उद्योगाच्या स्वतःच्या आधीच्या मालापेक्षा ठळकपणे वेगळा हवा आणि तो बाजारात आलेला हवा. म्हणजे कुडाळच्या एखाद्या युनिटने पहिल्यांदा मसाला काजू विकायला काढला, तर शेजारी तो दहा वर्षं मिळत असला तरी त्या युनिटपुरता तो नवाच. उलट तोच साधा ३२० नंबरचा काजूगर पाव किलोऐवजी शंभर ग्रॅमच्या पाकिटात भरला, तर उत्पादन नवं होत नाही. वेष्टनातले आणि विक्रीच्या पद्धतीतले बदल या आवृत्तीत व्यवसाय-प्रक्रियेच्या नवोपक्रमात मोडतात. हे नियम कागदावर लिहा आणि मगच बाहेर पडा. नाहीतर पंधराव्या युनिटला वेगळा निकष लागलेला असतो आणि ते कळतं तक्ते भरताना.

सरबतांच्या बाबतीत ही कसोटी लावणं अवघड जातं. एकाच कोकमापासून स्क्वॅशही होतो आणि सिरपही. अन्नसुरक्षेच्या मानकांत दोन्हींना फळाचा अंश किमान २५ टक्के लागतो, पण विद्राव्य घनपदार्थ स्क्वॅशला किमान ४० टक्के, सिरपला ६५. त्यामुळे लेबलावरच्या नावावर विसंबू नका, ब्रिक्स, म्हणजे याच विद्राव्य घनपदार्थांचं प्रमाण, किती ते विचारा. बऱ्याच ठिकाणी ते मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर टेबलावरच असतो. नाव बदललं आणि ब्रिक्स, कृती, गिऱ्हाईक सगळं तेच राहिलं, तर ते नवं उत्पादन म्हणून मोजू नये.

दुसरी गोष्ट आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. अभ्यासाचं एकक उत्पादन ठेवा, उद्योग नको. ‘तुम्ही नवीन काही करता का?’ असं विचारलं तर प्रत्येक मालक हो म्हणेल, आणि ते खोटंही नसतं. त्यापेक्षा गेल्या पाच वर्षांत जे जे विकायला काढलं त्याची यादी मालकासमोर बसून करा: नाव, पहिली विक्री केव्हा, किती किलोची पहिली बॅच, आज चालू की बंद. ओस्लो तीन वर्षांपर्यंतचाच कालावधी सुचवतं, कारण त्यापलीकडचं माणसाला नीट आठवत नाही. इथे वर्षाला एकच हंगाम, म्हणून पाच वर्षं घ्यावी लागतात. मग नुसत्या आठवणीवर भागत नाही, कागद लागतात. जुने भावपत्रक, लेबल छपाईचं बिल, बॅच रजिस्टर. छपाईचं बिल सगळ्यात कामाचं: कुठलंही उत्पादन लेबलाशिवाय दुकानात जात नाही आणि बिलावर तारीख असते.

बंद पडलेल्या उत्पादनांची यादी तितक्याच काळजीने करा. आज फळीवर दिसतं तेवढंच मोजलं, तर टिकलेल्यांचे गुण तुम्ही यशाची कारणं म्हणून लिहाल; तेच गुण बंद पडलेल्यांतही होते का, हे तपासायला हाती काही उरत नाही. ‘नव्वद टक्के नवी उत्पादनं फसतात’ हे वाक्य प्रस्तावनेत घालू नका. कॅस्टेलियन आणि मार्कहॅम यांनी २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ प्रॉडक्ट इनोव्हेशन मॅनेजमेंट’मध्ये या आकड्याची झाडाझडती घेतली आहे, पुराव्यावर आधारलेला आकडा ४० टक्क्यांच्या आसपास येतो.

आता हंगाम. परदेशी पुस्तकांतलं धोरण कोकणाला लावताना इथेच विचार करावा लागतो, आणि नवं काही सांगण्यासारखंही इथेच सापडतं. रॉबर्ट कूपर यांच्या नवं उत्पादन घडवायच्या स्टेज-गेट पद्धतीत प्रत्येक टप्प्यानंतर एक ‘दार’ (गेट) असतं, तिथे थांबून पुढे जायचं की नाही ते ठरवतात. आपल्याकडे ते दार कॅलेंडर बंद करतं. काजूचं बोंड फेब्रुवारी ते मे मिळतं, झाडावरून पडल्यावर दिवसभरात आंबायला लागतं. त्याच्या रसातला तुरटपणा काढायला साबुदाण्याची पेज किंवा जिलेटिन घालून टॅनिन खाली बसवतात. ते प्रमाण चुकलं की पुढचा प्रयोग पुढच्या फेब्रुवारीत. हापूसचं तसं नाही. ८५० ग्रॅम आणि ३.१ किलोच्या डब्यांत रस बंद असतो, त्यामुळे वडीचा किंवा जॅमचा प्रयोग ऑक्टोबरातही होतो. कोकम या दोन्हींच्या मध्ये. आगळ आणि आमसूल टिकतात, पण ताज्या सालीचं अमृत कोकम करायचं तर पाऊस यायच्या आत. म्हणून प्रत्येक उत्पादनासमोर एक रकाना ठेवा: वर्षात किती वेळा प्रयोग करता येतो? मालक धाडसी की जपून चालणारा, यापेक्षा या रकान्यातून जास्त उलगडण्याची शक्यता आहे. हंगामात एकदा येऊन काम बघा, प्रश्न विचारू नका. मुलाखती जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, गणपतीच्या आधी. दिवसाला दोन युनिटं पुष्कळ. देवगड ते राजापूर एसटीचा वेळ धरा.

नमुन्याची यादी जिल्हा उद्योग केंद्रातून मिळवता येते, पण नोंद असलेली काही युनिटं बंद असतात आणि बचत गटांची बरीच कामं यादीत नसतात. दोन्हीकडून शोधा. ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणताना तारीख लिहा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा गुंतवणुकीला अडीच कोटी आणि उलाढालीला दहा कोटी झाली, त्याआधी ती एक आणि पाच कोटी होती. जुन्या प्रबंधांशी तुलना करताना याचा घोटाळा होतो.

पाच बिंदूंच्या मापनश्रेणीवर फार भिस्त ठेवू नका. ‘विक्री कशी आहे?’ याला मालवण-कुडाळकडे ‘बरा आसा’ हेच उत्तर, आणि सगळे चारवर खूण करतात. खोक्यांची संख्या विचारा. धोरणही मालकाने सांगायचं आणि यशही त्यानेच, असं झालं तर दोन्हींतला संबंध फुगून दिसतो. विक्रीचा आकडा निदान काही उत्पादनांसाठी दुकानदाराकडून पडताळा.

तीस युनिटं, प्रत्येकी चार उत्पादनं धरली तर १२० नोंदी होतात. त्यातली ४० बंद असतील, तर लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (‘चालू की बंद’ अशा दोनच उत्तरांसाठीची संख्याशास्त्रीय पद्धत) चारपेक्षा जास्त चलं, म्हणजे कारण म्हणून तपासायचे घटक, घालू नका. प्रत्येक चलामागे निदान दहा ‘बंद’ नोंदी हव्यात. एका युनिटची उत्पादनं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) युनिटनुसार गट करून काढा. एवढं जमणार नसेल तर आयझेनहार्ट यांनी १९८९ मध्ये सांगितल्याप्रमाणे चार ते दहा प्रकरणं खोलात घ्या. साठ लोकांच्या उत्तरांवर कशाचा कशावर परिणाम होतो ते दाखवणारी बाणांची मोठी आकृती काढण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

मालकाची कृती, मिठाचं आणि साखरेचं प्रमाण प्रबंधात छापू नका. युनिटला क्रमांक द्या आणि गाव नाही, फक्त तालुका लिहा. निष्कर्षांचं एक पान मराठीत करून जानेवारीअखेर त्यांच्या हाती पोहोचवा, बाटल्या आणि लेबलांच्या ऑर्डरी त्यानंतर जातात.